इमोजीन पास: शॉर्टकट समजून गाडी घालू नका

कोलोरॅडोतल्या युरे आणि टेल्युराइड या दोन गावांमधलं हवाई अंतर जेमतेम १० मैल, पण हायवेने जायचं तर ५० मैलांचा वळसा पडतो. मग नकाशात अनकंपाग्रे नॅशनल फॉरेस्टमधून जाणारी इमोजीन पास या खिंडीतल्या रस्त्याची १७-१८ मैलांची रेघ दिसते आणि डेन्व्हरहून निघालेल्या आपल्या मंडळींना मोह होतो.

पहिली चूक इथेच होते. जुन्या खाणींच्या काळातला हा दगडधोंड्यांचा रस्ता १३,११४ फुटांवरच्या खिंडीतून जातो. म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ अडीच पट उंची. एवढ्याशा अंतराला तीन तास सहज लागतात. भाड्याच्या साध्या गाड्यांचे करार बहुधा कच्च्या रस्त्याला मनाई करतात. युरेत खास या वाटांसाठी जीप भाड्याने मिळते, तीच घ्या. बर्फ हटून खिंड खुली व्हायला जूनअखेर, कधी जुलैही उजाडतो, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी हवीच.

खरी परीक्षा उतारावर असते. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा’ हे आपल्याकडचा प्रत्येक जुना ड्रायव्हर सांगतो. अमेरिकेत ऑटोमॅटिक गाडीची सवय लागली की ते विसरायला होतं. टॉमबॉय खाणीच्या अवशेषांकडून टेल्युराइडला उतरताना एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. तिथे सतत ब्रेक दाबून धरला तर तो तापतो आणि हळूहळू पकडच सोडतो. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारी कमी वेगाची सोय) आणि पहिला गिअर टाकून इंजिनाला गाडी रोखू द्या. जळकट वास आला तर रुंद जागा बघून थांबा आणि ब्रेक निवू द्या. तापलेल्या ब्रेकवर पाणी मात्र ओतू नका.

समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला वाट द्यायची. पण तुम्हीच चढत असाल, समोरच्याच्या मागे चार जीप असतील आणि तुमच्या मागेच रुंद जागा असेल, तर हट्ट न करता रिव्हर्स घ्या. दरीकडची बाजू दिसत नसेल तर सोबत्याला खाली उतरवून त्याच्या इशाऱ्यावर गाडी हलवा. या वाटेवर सायकलवाले असतात, चालणारेही असतात. त्यांच्या अंगावर धूळ उडवत जाणं मला तरी असभ्य वाटतं. सप्टेंबरात याच खिंडीवरून धावण्याची शर्यत होते; त्या दिवशी गाडी नेऊ नका.

उशिरा निघणं हीही मोठी चूक. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात, आणि वितळलेल्या बर्फाने सकाळचा ओढा दुपारपर्यंत फुगतो. सकाळीच निघा. वर डोकं दुखून मळमळू लागलं तर फोटो राहू द्या आणि खाली उतरा, कारण तिथली हवा समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपासच असते.

आणि वळण चुकवायला गवतावर चाक घालू नका. खिंडीजवळची ती इवलीशी झुडपं पुन्हा उगवायला दशकं लागतात. कोणती वाट वाहनांना खुली आहे हे फॉरेस्ट सर्व्हिसच्या (अमेरिकेच्या वनखात्याच्या) मोफत ‘मोटर व्हेइकल यूज मॅप’वर दिसतं. वर मोबाइलला रेंज नसते, म्हणून हा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.