मागे माणूस बसताच डोलणारी गाडी

परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात सौभाग्यवतींसह जाता यावे, म्हणून दीडशे सीसीची जुनी मोटारसायकल घेतली. कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ पाहूनच पैसे दिले. एकट्याने नीट चालणारी ही गाडी मागे माणूस बसताच वळणावर डोलत असे. मिस्त्री शॉकअपला दोष देत होते, पण गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक आडवे हलवले, तेव्हा त्यासोबत चिमटाही (मागचे चाक धरणारा दुहेरी दांडा, स्विंगआर्म) कटकट करत हलला, म्हणजे त्याच्या सांध्यातले बुश (आतल्या नळ्या) झिजलेले होते. ते बदलले, दोन्ही शॉकअपच्या स्प्रिंगा सारख्याच खाचेवर कडक केल्या, मागच्या टायरमध्ये कंपनीच्या तक्त्यानुसार दोघांच्या वजनाची हवा भरली आणि हेडलाइटचा झोत खाली घेतला. साडीगार्ड ठेवला, दिखाऊ क्रॅशगार्डवर मात्र खर्च केला नाही.