रक्तकर्करोगाची चाहूल: जनुकीय तपासणीआधी सीबीसी वाचा

साठीपुढच्या माणसाचा थकवा आपल्याकडे उन्हावर, वयावर नाहीतर सिकलसेलवर ढकलला जातो. कारण तेच असेलही, पण ते तपासून ठरवा.

जुने सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवा. नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही. ते कमी आणि एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) १०० च्या वर असेल, तर आधी बी-१२ तपासून घ्या. उपचारानंतर दोन-तीन महिन्यांनीही फरक नाही, किंवा प्लेटलेटही दीड लाखाखाली, तर रक्तविकारतज्ज्ञ गाठा. उलट हिमोग्लोबिन पुरुषात १६.५, बाईत १६ च्या वर टिकून असेल, तर ‘रक्त भरपूर आहे’ म्हणून खूश होऊ नका. रक्तकर्करोगाशी जोडलेल्या जेएके-२ जनुकाच्या तपासणीबद्दल विचारा. प्लेटलेट सतत साडेचार लाखांवर असल्या तरी तेच.

जनुकीय तपासणीचा नमुना बिघडतो तो बहुधा वाटेत. जांभळ्या टोपणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी घ्या, ३ मिली रक्त भरा आणि लगेच आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी करा, नाहीतर गुठळी होऊन नमुना परत येतो. हिरव्या टोपणाची नळी नको, तिच्यातलं हेपरिन पीसीआर, म्हणजे जनुकांच्या प्रती वाढवून बघणारी तपासणी, अडवतं. मे महिन्यात नळी डिक्कीत ठेवूच नका. थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅक ठेवा, पण नळी आणि पॅकच्या मध्ये कापडाची घडी हवी. थेट बर्फाला टेकली की पेशी फुटतात. बीसीआर-एबीएल (एका रक्तकर्करोगात सापडणारं जोडजनुक) तपासणी आरएनएवर, म्हणजे जनुकाच्या पेशीतल्या नकलेवर, चालते आणि आरएनए लवकर नासतो, म्हणून नमुना ४८ तासांत पोचवा. शनिवारी रक्त काढलं तर तो प्रयोगशाळेच्या दारातच पडून राहायचा.

रिपोर्टमध्ये डीएनएमटी३ए, टीईटी२ किंवा एएसएक्सएल१ या जनुकांमध्ये बदल दिसला म्हणजे कर्करोग झाला असं नाही. सत्तरीनंतर दहात एकाहून अधिक जणांत असे बदल सापडतात. सीबीसी चांगला असेल, तर त्यातून रक्तकर्करोग होण्याचं प्रमाण वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का. टीपी५३ जनुकात बदल असेल तर मात्र लक्ष जास्त ठेवावं लागतं. हे बदल बहुतेक वेळा वाढत्या वयात आपोआप होतात, आईबापाकडून येत नाहीत. लेकरांच्या सोयरिकीत त्याची भीती नको. गोळी सुरू करायची गरज नसते. डॉक्टर सांगतील तशी, निदान वर्षातून एकदा सीबीसी करा. या बदलांनी हृदयविकाराचा धोकाही वाढतो, तेव्हा बीपी, साखर सांभाळा आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) सोडाच.

हिरड्यांतून रक्त, अंगावर बारीक लाल ठिपके, न उतरणारा ताप, किंवा रिपोर्टवर ‘ब्लास्ट’ (अपरिपक्व रक्तपेशी) हा शब्द दिसला, तर जनुकीय रिपोर्टची वाट पाहू नका. त्याच दिवशी नागपूर किंवा सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात न्या.