‘टिंब म्हणजे अनेक’ असं चुकूनही शिकवू नका

यंदा शिक्षणसेवक म्हणून रुजू झालात आणि दुसरी-तिसरी गळ्यात पडली असेल, तर हे वाचून घ्या. ‘वचन’ सोपं वाटतं. घोडा-घोडे, नदी-नद्या, फळ्यावर दोन रकाने, एका तासिकेत मोकळे. मलाही तसंच वाटलं होतं. त्या दोन रकान्यांनी माझा अख्खा महिना खाल्ला.

शाळा वरूड तालुक्यातली, दोन शिक्षकी. पोरं बोलताना वचनात अडत नाहीत, अडतात ती वहीत. आमच्याकडे ‘झाडे, घरे’ कोणी म्हणत नाही. ‘झाडं, घरं’च. वर मुलाला-मुलांना, झाडावर-झाडांवर. मला वाटलं, किल्ली सापडली! वर्गात सांगून टाकलं, “शब्दावर टिंब दिसलं की अनेक.” त्या दिवशी सगळ्यांच्या वह्या बरोबर. मी खुशीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शब्दांच्या चिठ्ठ्या वाटल्या. एकानं ‘आंबा’ उचलून अनेकच्या डब्यात टाकला. काहून रे? “टिंब हाये ना मॅडम.” एकीनं ‘डोकं’ अनेकमध्ये टाकलं आणि एकासाठी स्वतःच शब्द घडवला, ‘डोक’. मग ‘मडक’ आलं, ‘केळ’ आलं. हसू नका, माझ्या नियमाप्रमाणे ती पोरं अगदी बरोबर होती.

गोम नीट समजून घ्या, कारण हे मला डीएडला कोणी सांगितलं नव्हतं. ‘आंबा’तलं टिंब नुसता म् चा उच्चार आहे, वचनाशी त्याचं देणंघेणं नाही. ‘झाडं’ म्हणजे छापील ‘झाडे’, तिथे टिंब म्हणजे अनेक. ‘केळं’ म्हणजे छापील ‘केळे’, तिथे तेच टिंब एकावर बसलंय आणि अनेक झाले की ‘केळी’. ‘झाडांवर’मधलं टिंब तर प्रत्यय लागल्यावर येतं. एकच ठिपका, कामं चार. सात वर्षांच्या लेकरानं ते कसं ओळखावं?

माझ्या डोक्यातलं हे खूळ काढलं पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “हा म्हणते का ही म्हणते का हे म्हणते, ते इचारा ना आधी.” बस. हा आंबा-हे आंबे. ही शाळा-ह्या शाळा. हे वासरू-ही वासरं. लिंग कळल्याशिवाय वचन नाही. नाहीतर घोड्याच्या मागे शाळाही धावते आणि ‘शाळे’ होते. पोरं दिवसभर ‘शाळेत’ ऐकतात, म्हणून ती चूक त्यांच्या कानाला खटकतही नाही. तेव्हा सुरुवातीला प्रत्यय लागलेले शब्द आणूच नका. ‘एक दाणा, दोन दाणे’, एवढंच.

इथेही एक खड्डा आहे. आमच्या गावात ‘ही लेकरं’ म्हणत नाहीत, ‘हे लेकरं’ म्हणतात. म्हणजे नपुंसकलिंगी अनेकाला हा-ही-हे दगा देतं. तिथे पुस्तकातलं रूप वेगळं सांगा, पण पोराचं बोलणं चूक ठरवू नका. मी ठरवलं होतं. एकानं लिहिलं ‘एक संत्रा, दोन संत्रे’. मी लाल फुली मारली आणि ‘संत्रे-संत्री’ लिहून दिलं. त्याच्या बापाची संत्र्याची बाग! तो ‘हा संत्रा’ म्हणतो, तर ‘संत्रे’च होणार. फुली माझ्यावर पडायला हवी होती.

तक्ता पाठ करून घ्या, असं सांगणारे अनुभवी लोक भेटतील. मलाही भेटले. ऐकून घ्या, चहा प्या, तक्ता कपाटात ठेवा. मोबाईलवरच्या गाण्यांचंही तेच. पोरं गाणं शिकतात, वचन नाही.

आणि घाबरू नका. ‘बैल-बैल’ला पोरं अडली तर क्रियापद जोडा, बैल आला, बैल आले. लगेच कळतं. कोरकू बोलणारं लेकरू वर्गात असेल तर थोडं थांबा. एका मुलीनं मला विचारलं होतं, “दोन म्हणजे अनेक का?” मी तिला वेड्यात काढलं. नंतर कळलं की कोरकूत दोघांसाठी वेगळं वचन असतं. तिचा प्रश्न माझ्या धड्यापेक्षा शहाणा होता.

आता उरलं ‘भिंत-भिंती’ आणि ‘चिंच-चिंचा’. एकीला ई, दुसरीला आ, असं का? शब्द बघून सांगता येईल असा नियम नाही, शोधत बसू नका. बोलून घ्या, कान ठरवतो. वाद झाला तर मी ‘आजीला विचारून या’ म्हणते. मागच्या आठवड्यात ‘वेल’वर वर्गात दोन पार्ट्या पडल्या. अर्ध्यांच्या घरी ‘हा वेल-हे वेल’, अर्ध्यांच्या घरी ‘ही वेल-ह्या वेली’. दोन्ही फळ्यावर लिहिलं, दोन्हीला बरोबर दिलं. एक पोट्टा तरी कुरकुरलाच, “मॅडम, पेपरात कोनतं लिहू?”