फॉर्म्युला गप्प बसला तर

कोणी एक्सेलची शीट दाखवून ‘बेरीज हलतच नाही’ म्हणालं की मी फॉर्म्युला वाचत बसत नाही. आधी एफ९ दाबते. आकडा बदलला तर रोग कळला: कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर आहे, म्हणजे सांगितल्याशिवाय एक्सेल नव्याने हिशेब करत नाही. फॉर्म्युलाज टॅबमध्ये कॅल्क्युलेशन ऑप्शन्स उघडून ऑटोमॅटिक करा. ही सेटिंग त्या वेळी सर्वात आधी उघडलेल्या फाइलकडून येते, म्हणून कालपर्यंत नीट चाललेली शीट आज विनाकारण रुसल्यासारखी वाटते.

उत्तराऐवजी फॉर्म्युलाच दिसतोय? सेल टेक्स्ट फॉरमॅटमध्ये असेल. तो जनरल करा, पण तेवढ्यावर भागत नाही. एफ२ दाबून एंटर मारावंच लागतं. सगळ्याच शीटभर फॉर्म्युले दिसत असतील तर शो फॉर्म्युलाज बंद करा.

खरा छळवाद म्हणजे आकड्यांचं सोंग घेतलेला मजकूर. तो सेलमध्ये डावीकडे चिकटतो आणि सम (SUM, बेरजेचं फंक्शन) त्याला सरळ वगळतं. खात्री करायची तर इझनंबर (ISNUMBER, सेलमध्ये खरा आकडा आहे का ते सांगणारं फंक्शन) लावून बघा. फॉल्स आलं तर कॉलम निवडून डेटा टॅबमधलं टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि थेट फिनिश दाबा. बहुतेकदा काम होतं. वेबपेजवरून चिकटवलेल्या आकड्यांत मात्र १६० क्रमांकाची न दिसणारी स्पेस असते. जादा स्पेस काढणारं ट्रिम (TRIM) तिला हात लावत नाही. तिथे एका अक्षराच्या जागी दुसरं ठेवणाऱ्या सब्स्टिट्यूटमध्ये (SUBSTITUTE) कॅर १६०, म्हणजे CHAR(160), देऊन ती काढा, मग मजकुराचा आकडा करणारं व्हॅल्यू (VALUE) लावा.

उत्तर शून्यच येत असेल तर बेरजेच्या रेंजमध्ये बेरजेचाच सेल शिरलाय का, तेही बघा.