चित्रीकरणातील दृश्यबदल कसे शोधावेत

रंगपंचमीला नाशिकच्या तिवंधा चौकातील रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या जमिनीतील हौदात, धप्पा मारला जातो (उडी घेतली जाते), तेव्हा उसळलेले रंगीत पाणी क्षणभर पूर्ण चौकट व्यापते. चित्रीकरण कोठेही तुटलेले नसते, दृश्यही तेच असते. तरीही दृश्यबदल शोधणारे सॉफ्टवेअर तेथे कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होण्याची जागा, दाखवू शकते. खरे कट वेगळे काढायचे असतील, तर हे सॉफ्टवेअर नेमके काय मोजते हे आधी समजून घ्यावे लागते.

मोजला जातो तो लागोपाठच्या दोन फ्रेममधील फरक. पिक्सेलला पिक्सेल ताडल्यास कॅमेरा किंचित हलला तरी आकडा वाढतो. रंगांचा हिस्टोग्राम, म्हणजे फ्रेममध्ये कोणता रंग किती आहे याची मोजणी, ताडल्यास हालचाल फारशी बाधत नाही, मात्र सारख्याच रंगांच्या दोन शॉटमधील कट निसटू शकतो. पायसीनडिटेक्ट या दृश्यबदल शोधणाऱ्या साधनातील आशयावर आधारित पद्धत रंगछटा, संपृक्तता आणि उजळपणा यांतील बदलांची सरासरी घेते. तिची मूळ मर्यादा, म्हणजे जो आकडा ओलांडला की कट मानला जातो तो, २७ आहे. एफएफएमपेग या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या साधनात फरकाचे मूल्य ० ते १ या मोजपट्टीवर मिळते आणि सर्वसाधारणपणे ०.३ ते ०.५ ही मर्यादा चालते. एका साधनाचा आकडा दुसऱ्यात वापरू नये, हे ओघाने आलेच.

मर्यादा ठरवण्याची घाई मात्र मुळीच करू नये. पायसीनडिटेक्टमधून प्रत्येक फ्रेमचे आकडे सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या आकड्यांच्या तक्त्यात) काढून त्यांचा आलेख पाहावा. खरा कट एका फ्रेमवर सुळक्यासारखा उभा राहतो, तर उसळलेल्या रंगाचा उंचवटा अनेक फ्रेमवर पसरतो. म्हणून शेजारच्या फ्रेमच्या सरासरीशी तुलना करणारी अनुकूली पद्धत अशा चित्रीकरणाला अधिक मानवते. छायाचित्रकाराचा फ्लॅश तिलाही चकवतो, कारण तो एक-दोन फ्रेमपुरताच असतो. तेथे फ्लॅशच्या आधीची आणि नंतरची फ्रेम ताडावी; दोन्ही जुळल्या, तर तो कट नव्हे.

काही जण केवळ की-फ्रेमवर, म्हणजे व्हिडिओत पूर्ण चित्र म्हणून साठवलेल्या फ्रेमवर, विसंबतात. व्हिडिओ संकुचित करणारा एन्कोडर दृश्य बदलल्यावर की-फ्रेम टाकतो हे खरे, परंतु ठरावीक अंतर उलटले की दृश्य न बदलताही टाकतो.

काळोखात विरणाऱ्या दृश्यासाठी सरासरी उजळपणा ठरलेल्या पातळीखाली जातो का, एवढे पाहणे पुरते. डिझॉल्व्ह, म्हणजे एक दृश्य हळूहळू दुसऱ्यात मिसळणे, शोधायला अवघड असतो, कारण त्यात लागोपाठच्या फ्रेममधील फरक अगदी थोडा असतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर सुमारे १२ फ्रेम अंतरावरच्या जोड्या ताडाव्यात आणि सापडलेली प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासावी. कारण कॅमेरा संथपणे वळतानाही तसाच आकडा येतो.