सांबरा ते लेह : हवाई अंतराचा घरगुती हिशेब

खानापूर किती लांब, असे विचारल्यास आपण बेळगावकर ‘पाऊण तास’ असे उत्तर देतो. विमानाच्या बाबतीत मात्र आधी अंतर काढावे. सांबरा विमानतळ १५.८६ आणि लेह ३४.१४ उत्तर अक्षांशावर असल्याने फरक १८.२८ अंशांचा येतो, आणि एका अंशाचे सुमारे १११ किलोमीटर धरल्यास तो साधारण २,०३० किलोमीटर भरतो. रेखांशांतील २.९ अंशांच्या फरकाला १११ ने गुणून, रेखावृत्ते उत्तरेकडे जवळ येत असल्यामुळे, मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे ०.९१ ने, पुन्हा गुणावे. उत्तर सुमारे २९३. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ जवळपास २,०५० किलोमीटर येते. जेट विमानाचा वेग ताशी ८०० धरून, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवल्यास सुमारे तीन तास होतात. वाटेत विमान बदलायचे असल्यास प्रत्येक टप्पा स्वतंत्र मोजावा.