शिक्षा द्यायची की शिक्षण? हिंदी मजकूर मराठीत आणताना

हिंदीतलं एक कार्यालयीन वाक्य घ्या : 'सूचना मिलने पर आपत्ति दर्ज करें।' घाईत त्याचं मराठी होतं, 'सूचना मिळाल्यावर आपत्ती नोंदवा.' व्याकरण चोख, अर्थ मात्र गेला वाहून. इथे सूचना म्हणजे माहिती आणि आपत्ति म्हणजे हरकत. संकट हा अर्थ हिंदीतही आहे, पण 'दर्ज करें' शेजारी तो बसत नाही. हवं होतं ते 'माहिती मिळाल्यावर हरकत नोंदवा.' 2005 चा कायदा हिंदीत 'सूचना का अधिकार' आणि मराठीत 'माहितीचा अधिकार' आहे, तो याचमुळे.

अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतोच. फसवतात ते ओळखीचे. म्हणून पहिल्या वाचनात अनुवाद करूच नका. जे शब्द जसेच्या तसे उचलायचा मोह होतो, तेवढे पेन्सिलीनं अधोरेखित करा. नेहमीचे गुन्हेगार असे : चेष्टा (हिंदीत प्रयत्न), समाधान (उकल, तोडगा), संसार (जग), प्रकृति (निसर्ग), सही (बरोबर), खाली (रिकामा), व्यस्त (कामात गुंतलेला). यातला शेवटचा आता मराठी बातम्यांतही रुळलाय. तरी गणितात व्यस्त प्रमाण शिकलेल्या वाचकासाठी 'मंत्री कामात आहेत' एवढं पुरतं.

मग प्रत्येक शब्दाच्या आधी काय आलंय ते बघा. नुसत्या क्रियापदावर विसंबू नका : 'चेष्टा करना' आणि 'चेष्टा करणे', 'शिक्षा देना' आणि 'शिक्षा देणे' या जोड्या वरून सारख्याच दिसतात, लिंगही तेच. खूण आधीच्या शब्दात असते. 'समझने की चेष्टा' यात आधी क्रिया आहे, म्हणजे प्रयत्न. 'मित्राची चेष्टा' यात आधी माणूस आहे, म्हणजे थट्टा.

शिक्षा हा शब्द तर चार भाषांत फिरतो. संस्कृतात शिकणं, शिवाय उच्चारशास्त्राचं वेदांग, म्हणजे वेदाभ्यासाला पूरक शास्त्र. हिंदीत आणि नेपाळीत शिक्षण. मराठीत दंड किंवा तुरुंग. 'सर्व शिक्षा अभियान' हे नाव महाराष्ट्रात तसंच वापरलं गेलं आणि विनोदांना आयतं खाद्य मिळालं.

शंका आली की दोन कोश उघडा, प्रत्येक भाषेचा वेगळा : हिंदी अर्थासाठी 'हिंदी शब्दसागर', मराठीसाठी दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' किंवा मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती. तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. शोधताना एक अडचण येते. आजच्या मराठी नियमांनुसार शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, पण मोल्सवर्थच्या काळात आणि हिंदीत 'प्रकृति', 'आपत्ति' ऱ्हस्वच. 'प्रकृती' टाकून काही सापडलं नाही तर ऱ्हस्व करून पुन्हा शोधा. जुना कोश संस्कृत अर्थही देतो, तेव्हा तिथला पहिला अर्थ डोळे मिटून उचलू नका. आजच्या वर्तमानपत्रातल्या दोन-तीन वाक्यांशी ताडून बघा.

जे सापडेल ते तक्त्यात टाका : मूळ शब्द, हिंदी वाक्यांश, मराठी पर्याय, चुकीचा पर्याय. सुटा शब्द लिहू नका. 'समाधान' समोर नुसतं 'तोडगा' लिहिलंत, तर 'शंका-समाधान' आल्यावर 'शंका-तोडगा' होईल. तिथे 'शंकानिरसन' हवं.

आणि संगणकावर 'सर्वत्र बदला' हे बटण दाबू नका. 'शिक्षा' काढून 'शिक्षण' घातलं की 'प्रशिक्षार्थी' चा 'प्रशिक्षणर्थी' होतो, आणि मजकुरात कुठे 'कठोर शिक्षा झाली' असेल तर आरोपीला कठोर शिक्षण मिळतं. बदल एकेक बघूनच करा, वेळ लागला तरी.